पाच जागा

मूल रडू नये म्हणून त्याला न सांगता निघून जायचं, ही आमच्या लोकांची मायेची रीत. नुसतं बाजाराला जायचं असलं तरी मूल झोपायची वाट बघायची, जोडे हातात घ्यायचे आणि पावलं न वाजवता बाहेर पडायचं. मूल उठतं, घरभर शोधतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, "अपा आलीच हं आत्ता." अपा म्हणजे आई. ती आत्ता काही येत नाही. बालवाड्यांत जवळजवळ तीस वर्षं काढून आणि हे बघून बघून माझं डोकं फिरलं होतं. म्हणून जिल्हा कचेरीनं जैलूवर, उन्हाळी कुरणावर, बालवाड्या काढायचं ठरवलं आणि आराखडा करायला मला सांगितलं, तेव्हा पहिल्या पानावर मी अक्षरं-आकडे काही लिहिलं नाही. लिहिलं, 'सांगून जाणे'.

कचेरीतल्या साहेबांनी ते पान उलटंपालटं करून बघितलं. "उल्कान एजे, मुलं अक्षरं कधी शिकणार?" एजे म्हणजे ताई, आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला आदरानं म्हणतात.

"अक्षरं कुठे पळून जात नाहीत," मी म्हटलं. "पळून जातात ती माणसं."

साहेब हसले आणि त्यांनी शिक्का मारला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा शिक्का मारणं सोपं, हे आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे.

आमची बालवाडी बोझुयमध्ये भरते, म्हणजे लोकरीच्या नमद्याच्या गोल घरात. वीस मुलं, वीस खुंट्या, आणि सगळ्या खुंट्या मुलांच्या हाताला येतील अशा. प्लॅस्टिकचं काही नाही. लोकर निवडायची, पीठ मळायचं, मेंढीच्या घोट्याची हाडं रंगवून त्यांचे खेळ मांडायचे, पाणी सांडायचं आणि आपलं आपण पुसायचं. पण सगळ्यात जास्त डोकं मी खर्च केलं ते पहिल्या पाच दिवसांवर. बोझुयमध्ये कुणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. दारासमोर, चुलीच्या पलीकडे तोर, म्हणजे मानाची जागा. तिथे पाहुणे आणि म्हातारी माणसं. दाराशी सुना. मी या जागाच आराखड्यात घेतल्या. पहिल्या दिवशी अपा तोरवर बसते, मूल तिच्या मांडीत. दुसऱ्या दिवशी ती चुलीशी. तिसऱ्या दिवशी दाराशी. चौथ्या दिवशी दाराबाहेर, पण मुलाला दिसेल अशी. पाचव्या दिवशी ती मुलासमोर उकिडवी बसते, डोळ्याला डोळा भिडवते आणि दोन वाक्यं बोलते, "मी जाते. संध्याकाळी येते." आपली एखादी वस्तू मुलाच्या हातात ठेवते. मूल म्हणतं, "जा. मी वाट बघते." मग रडलं तर रडू द्यायचं. संध्याकाळी मात्र यायचंच, घोडी व्यायला लागली असली तरी आणि ओढ्यावरचा पूल वाहून गेला असला तरी.

तीन उन्हाळे हा आराखडा चालला आणि चांगला चालला. शेजारच्या दोन जिल्ह्यांतून बायका तो उतरवून घ्यायला आल्या. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की मुलं आपापल्या बोझुयकडे धावत सुटायची आणि मी वीस रिकाम्या खुंट्यांबरोबर राहायची. माझी गादी तिथेच एका कडेला होती. हिवाळ्यात शहरात माझी एक खोली आहे, तिथे तर खुंटीसुद्धा एकच आहे.

चिनारा साडेचार वर्षांची. तिला आमच्याकडे घेऊन यायची ती तिची आजी कालिपा. मुलीचे आईबाप मॉस्कोत. आई मिरगुल तिथे कुठल्याशा इमारतीत साफसफाईचं काम करते, बाप गाडी चालवतो. आई गेली तेव्हा मूल दीड वर्षाचं होतं. कालिपाला चिनारा 'अपा' म्हणायची आणि आईला नावानं, 'मिरगुल', कारण घरातले सगळे तिला मिरगुलच म्हणत. यात आमच्याकडे कुणाला वावगं वाटत नाही. तशी तर सूनही सासूला अपाच म्हणते, आणि कालिपा अडुसष्ट वर्षांची, तिला अख्खं जैलूच अपा म्हणायचं. चिनाराच्या लेखी मिरगुल म्हणजे हिवाळ्यात, खालच्या गावात, फोनमध्ये राहणारी बाई.

ऑगस्टमध्ये ती बाई पांढरे बूट घालून भाड्याच्या गाडीतून उतरली. चिनारा कालिपाच्या झग्याआड गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीत आल्याआल्या तिनं मला बातमी दिली, "एजे, मिरगुलला पाय पण आहेत."

त्याच संध्याकाळी मिरगुल माझ्याकडे आली. चहाला बसली, पण वाटीला हात लावेना.

"एजे, तुम्ही मुलांना सवय लावता म्हणे."

"बालवाडीची लावते."

"माझी लावा."

मी तिच्याकडे बघितलं. सव्वीस-सत्तावीसची असेल. पाणी आणि साबण यांनी हात पार पांढरे पडलेले.

"दहा दिवसांची रजा आहे," ती म्हणाली. "दोन यायला गेले, दोन जायला जातील. सहा राहिले. तिकडे तिला बालवाडीत जागा मिळालीय, पण एक सप्टेंबरला हजर झाली नाही तर ती दुसऱ्याला देतात. पुढची रजा दोन वर्षांनी. तेव्हा ती सात वर्षांची होईल आणि मी फोनमध्येच राहीन."

"आणि सहा दिवसांत नाही जमलं तर?"

"तर झोपेत उचलून गाडीत घालू, अपा म्हणतात. रडेल चार दिवस, मग विसरेल." "मी गेले तेव्हाही ती झोपेतच होती, एजे. जोडे हातात घेऊन गेले मी."

ती गेल्यावर मी आराखड्याची वही काढली. पाच जागा मूल आईपासून सुटं व्हावं म्हणून आखलेल्या. इथे मूल आईशी बांधायचं होतं. मग आराखडा उलटा का चालू नये? आई तोरवर बसेल आणि तिथेच राहील. रोज एकेक जागा मागे सरेल ती कालिपा. चुलीशी, दाराशी, दाराबाहेर. सहाव्या दिवशी ती सांगेल आणि जाईल. एक दिवस हाताशी शिल्लक राहत होता. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, हे कबूल केलेलं बरं.

कालिपाला हे सांगायला मी तिच्या बोझुयमध्ये गेले. तिनं कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूध, ओतलं, नीट ऐकून घेतलं, आणि ओतलेली वाटी माझ्या हातात न देता खाली ठेवली.

"म्हणजे सून तोरवर आणि मी उंबऱ्याशी?"

"पाच-सहा दिवसांचा प्रश्न आहे, कालिपा एजे."

"एकोणिसाव्या वर्षी या घरात आले मी. दारापासून तोरपर्यंत पोचायला मला तीस वर्षं लागली. आणि तू मला तीन दिवसांत परत दाराशी नेऊन बसवतेस? कोणत्या शाळेत शिकलीस ग हे?"

मिरगुल दाराशी, सुनेच्या जागी, मान खाली घालून बसली होती. "अपा, नको तर नको," ती म्हणाली.

"तू गप्प बस. दूध तुझं असेल, साय माझी आहे." कालिपानं वाटी उचलून शेवटी मला दिली. "मागच्या हिवाळ्यात मला छातीत धरलं होतं. माझा धाकटा तिलेक घोड्यांच्या मागे गेलेला, घरात कुणी नाही. ही पोर दोन तास माझ्या उशाशी बसून होती. 'अपा ऊठ, अपा ऊठ.' मी नाही उठले एखाद दिवशी, तर ही कुणाला अपा म्हणेल? तिलेकच्या बायकोला? तिला अजून तिलेकनं आणलीसुद्धा नाही." मग ती मिरगुलकडे वळली. "येते मी. पण एक अट. तोरवर हिला गादी घालायची नाही. नुसत्या नमद्यावर बसू दे."

पहिल्या दिवशी दोघी तोरवर बसल्या. चिनारा कालिपाच्या मांडीत आणि मिरगुलकडे पाठ. दुसऱ्या दिवशी कालिपा चुलीशी आली. त्या दिवशी आमचं पीठ मळायचं काम होतं. मिरगुल चिनाराच्या शेजारी बसली आणि पोरीनं पीठ सांडलं रे सांडलं की फडक्यानं पुसायला लागली. चारदा पुसलं. पाचव्यांदा चिनारा उठून चुलीशी गेली.

"हात मागे ठेव," मी तिला हळूच म्हटलं. "सांडू दे तिला."

"जमत नाही, एजे. सांडलेलं दिसलं की हात आपोआप जातो. दिवसभर तेच करते ना."

"मग हातावर बस."

ती खरंच हातांवर बसली. चिनारानं लांबून ते बघितलं. मग जवळ येऊन विचारलं, "तुझे हात कुठे गेले?" जेवायची वेळ होईपर्यंत हाच खेळ चालला. कालिपा चुलीत शेणी सारत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी घोळ झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. महिन्याचा तक्ता घेऊन मला खाली कचेरीत जायचं होतं. माझ्या मदतीला जिपार असते, चार पोरांची आई, कामाला वाघ. तिच्या हातात मी आराखड्याचं कार्ड ठेवलं आणि म्हटलं, चिनाराचा आज तिसरा दिवस, कार्डाप्रमाणे कर. कार्डावर लिहिलं होतं, 'तिसरा दिवस: अपा दाराशी बसते. मूल शांत असेल तर थोडा वेळ बाहेर जाते.' तीन वर्षं तेच कार्ड चाललं होतं. ते बदलायला हवं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी परतले तर मिरगुल बाहेर, शिंगरं बांधतात त्या दोराशेजारी दगडावर बसलेली. पांढरे बूट चिखलानं भरलेले. आतून चिनाराच्या हसण्याचा आवाज येत होता. मी आत डोकावले. कालिपा तोरवर, चिनारा तिच्या मांडीत.

"काय केलंस हे?" मी जिपारला विचारलं.

"कार्डावर अपा लिहिलंय. मुलीची अपा कोण? मॉस्कोवाली. तिला दाराशी बसवलं, मूल शांत होतं, मग बाहेर पाठवलं. पोर रडली पण नाही, एजे. एकदम गुणी."

"अग, पण अपा म्हणजे कालिपा!"

"मग कालिपा लिहायचं ना." जिपारनं कंबरेवर हात ठेवले. "आणि लिहिलं असतं तरी म्हाताऱ्या माणसाला उंबऱ्याशी बस म्हणायला माझी जीभ रेटली नसती. तुमची रेटते, तुम्ही शिकलेल्या."

मी बाहेर जाऊन मिरगुलच्या शेजारी दगडावर बसले. सकाळपासून ती तिथेच होती.

"तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणी अपा म्हटलं," ती म्हणाली, "आणि तेही दाराबाहेर काढायला."

मग मी तिला ते सांगितलं जे मी सहसा सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सांगावं लागत नाही. माझी साबिरा अडीच वर्षांची होती. पहिलं मूल आजीआजोबांचं, ही रीत, आणि मला फ्रुंझेला, म्हणजे आताच्या बिश्केकला, बालवाडीचा अभ्यासक्रम पुरा करायचा होता. दोन वर्षांचा. पोर सासूच्या कुशीत झोपली होती. मी जोडे हातात घेतले. दोन वर्षं मी लोकांची मुलं कशी सांभाळावीत ते शिकले आणि पहिल्या नंबरानं पास होऊन आले. साबिरा आजीच्या पाठीमागे लपली आणि म्हणाली, "अपा, ही कोण बाई?" सासू म्हणाली, "ही उल्कान."

"मग?" मिरगुलनं विचारलं.

"मग काही नाही. मी उल्कानच राहिले. आता ती छत्तीस वर्षांची आहे. सणाला फोन करते. उल्कान एजे म्हणते, फार आदरानं बोलते. आदराला माझी काही तक्रार नाही."

"तुम्ही कधी तिला सांगितलं नाही? का गेलात ते?"

"काय सांगणार? त्याचं वाक्यच मला कधी बनवता आलं नाही." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या जिल्ह्याच्या आयांना मी दोन वाक्यं पाठ करून दिली आणि माझं एकही झालं नाही.

मी आत गेले, कार्डावरचा 'अपा' शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे खोडला आणि वर नावं लिहिली, कालिपा, मिरगुल. शिल्लकीतला दिवस खर्च झाला होता. आता एकही वाया घालवून चालणार नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी कालिपा आली ती कुणी काही म्हणायच्या आत दाराशी बसली. तोरकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. जैलूवर बातमीला घोडा लागत नाही. थोड्या वेळात शेजारच्या दोन बायका चाळणी परत करायच्या निमित्तानं आल्या. चाळणी माझी नव्हतीच.

"या, या," कालिपा मोठ्यानं म्हणाली. "नवी सून बघायला आलात ना? मग तोंड बघायची भेट काढा! फुकट नाही दाखवणार."

बायका लाजून पळाल्या. चिनारा येऊन कालिपासमोर उभी राहिली. "अपा, तू दाराशी का बसलीस?"

"इथे वारा लागतो."

"मी पण बसू?"

"तुला सर्दी होईल. जा, आत जा. तिकडे मिरगुल एकटीच हाडं रंगवतेय, सगळी वेडीवाकडी रंगवतेय बघ. दाखव तिला."

चिनारा गेली. दाखवायला गेली ती दुपारपर्यंत तिथेच बसली. जेवणानंतर तिच्या बुटाचा बंद सुटला तेव्हा ती दाराच्या दिशेनं दोन पावलं चालली, थांबली, वळली आणि पाय मिरगुलपुढे केला. मिरगुलनं ती साधी गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. मी कालिपाकडे बघायचं टाळलं.

पाचव्या दिवशी कालिपा दाराबाहेर चाती घेऊन सूत कातत बसली. आराखड्यात लिहिलंय की बाहेर बसलेली व्यक्ती मुलाला दिसली पाहिजे, तिनं मात्र मुलाकडे बघायचं नाही. चिनारा सकाळी चारदा बाहेर जाऊन तिला हात लावून आली. मग दोनदा. दुपारनंतर गेलीच नाही. मिरगुल तिला मॉस्कोतल्या हलत्या जिन्याची गोष्ट सांगत होती, पायऱ्या आपोआप वर जातात, आणि मुलं 'खोटं, खोटं' म्हणून ओरडत होती. माझी वही भरून वाहत होती, इतकं सगळं लिहिण्यासारखं घडत होतं. मधेच मी पाणी टाकायला बाहेर आले. कालिपाची चाती थांबलेली होती. ती कान देऊन आतलं हसणं ऐकत होती. काम फत्ते झालं होतं आणि मला तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मेंढ्या परतल्यावर मी तिच्याकडे गेले. "उद्या सकाळी सांगून जायचं," मी म्हटलं. "तुम्ही तिच्यासमोर बसायचं आणि..."

"उद्या ती उठायच्या आत गाडी बोलावलीय."

"कालिपा एजे! पाच दिवस कशाला केले मग?"

"केले ना? आता उठल्यावर तिला शेजारी मिरगुल दिसेल आणि ती घाबरणार नाही. झालं तुझं काम." ती माझ्यावर चिडली होती आणि आवाज मात्र चढवत नव्हती. "मी काय सांगू तिला? तूच शिकवलंयस ना, काय सांगायचं ते? 'मी जाते, संध्याकाळी येते.' मी कुठे जातेय? मी इथेच आहे. जातेय ती. आणि संध्याकाळी कोण येणार आहे? खोटं बोलू? तुझ्या कागदावर खरं वाक्य असेल तर सांग, मी पाठ करते."

माझ्या कागदावर असं वाक्य नव्हतं. माझे सगळे नियम संध्याकाळी परत येणाऱ्या माणसांसाठी होते.

"तरी झोपेत नेऊ नका," एवढंच मी म्हटलं. माझा आवाज मलाच भीक मागितल्यासारखा वाटला. "एवढं करा. झोपेत नको."

ती पाठ फिरवून शिंगरं बांधायला गेली. पण सकाळी मी तिच्याकडे पोचले तेव्हा गाडी उभी होती आणि चिनारा जागी होती, केस विंचरलेले, डोक्यावर दृष्ट लागू नये म्हणून घालतात ती घुबडाच्या पिसांची टोपी. कालिपानंच तिला उठवलं होतं. ती स्वतः आज तोरवर बसली होती, ताठ, हात गुडघ्यांवर. मिरगुल पिशव्या बाहेर नेत होती.

चिनारानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा आजीकडे. गाडीत बसून हलत्या पायऱ्या बघायला जायचं, हे तिला आदल्या दिवशी मिरगुलनं सांगितलं होतं. मग ती तोरपाशी गेली आणि कालिपासमोर उकिडवी बसली. कालिपा खालीच बसलेली होती, तेव्हा उकिडवं बसल्यानं पोर आणखीच ठेंगणी झाली आणि तिला मान वर करावी लागली. पण रीत म्हणजे रीत. तिनं कालिपाचे दोन्ही हात धरले.

"अपा, मी जाते," ती म्हणाली. "संध्याकाळी येते."

खिशातून तिनं लाल रंगवलेलं हाड काढून कालिपाच्या तळव्यात ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. माझ्या आराखड्यातलं एक पाऊलही तिनं चुकवलं नाही. तीन वर्षं मी बायकांना बजावत होते, मुलाशी खोटं बोलू नका, आणि इथे माझंच वाक्य एका मुलाच्या तोंडून खोटं होत होतं.

"जा," कालिपा म्हणाली. मुलानं बोलायचं वाक्य तिलाही पाठ होतं. "मी वाट बघते."

चिनारा उड्या मारत बाहेर आली. मी मागोमाग गेले. मिरगुल दाराबाहेर उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं गाडीचं दार उघडलं नाही. ती चिखलात, त्या पांढऱ्या बुटांवर, पोरीसमोर उकिडवी बसली.

"चिनारा, आज संध्याकाळी नाही यायचं आपण," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळीही नाही. पुष्कळ संध्याकाळी जातील. खूप लांब चाललोय आपण. अपा येणार नाहीये बरोबर."

पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग असा टाहो फोडला की बांधलेली शिंगरं बिचकली. मिरगुलनं तिला 'रडू नको' म्हटलं नाही, 'अपा आलीच हं' म्हटलं नाही. नुसती घट्ट धरून बसली. चिनारानं तिला मारलं, तिची ओढणी ओढली, आणि मग मारता मारता तिच्याच गळ्याला मिठी मारली, कारण रडायला जवळ तीच होती. मिरगुल तिला तशीच घेऊन गाडीत बसली. जे वाक्य मला तेहतीस वर्षांत बनवता आलं नाही ते या पोरीनं चिखलात बसून एका दमात बनवलं होतं. मला तिचा हेवा वाटला. खरं सांगते, आनंदाआधी हेवाच वाटला.

गाडी खिंडीपलीकडे गेल्यावर आणि रडणं ऐकू येईनासं झाल्यावरही कालिपा बोझुयच्या बाहेर आली नाही. मी बालवाडीत परतले. एकोणीस मुलं होती, त्यांना पाणी हवं होतं, पीठ हवं होतं. विसाव्या खुंटीवर चिनाराचं फडकं राहून गेलं होतं. ते मी काढलं नाही.

संध्याकाळी मेंढ्या परतल्या. मुलं पांगली. मी चूल विझवून बाहेर आले तर कालिपा आमच्या दाराबाहेर, कालच्याच जागी बसलेली. चाती नव्हती. एक मूठ मिटलेली होती. मी तिच्या शेजारी बसले. खालच्या बाजूला कुणीतरी घोडी दुहत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तिनं खरं सांगितलं पोरीला," कालिपा म्हणाली. "मी ऐकलं आतून."

"हो."

"चांगलं केलं." मग म्हणाली, "तुझी साबिरा गेली तेव्हा तू कुठे बसली होतीस?"

"साबिरा नाही गेली. मी गेले होते."

"हो ग. विसरलेच. मग तुला काय ठाऊक."

ती हे मला बोचावं म्हणून बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. मला ठाऊक होतं, असं सांगावंसं वाटलं. दर सणाला फोन वाजायच्या आधी मी किती तास बसून असते, ते सांगावंसं वाटलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे खिंडीकडे होते. ऊन डोंगरावरून वर सरकत सरकत शेंड्यावर गेलं आणि गारठा सुटला. मी आतून माझा कोट आणून तिच्या खांद्यांवर घातला.

"चला, कालिपा एजे. आत चला. चहा ठेवते."

"थांब ग जरा," ती म्हणाली. "संध्याकाळ अजून संपली नाहीये."